एक भिंत पाडलेलं घर

संध्याकाळ होतेय. युफ्रेटिसच्या काठी, उंच कड्यावर वसलेल्या दुरा-युरोपस गावात तुम्ही शिरलात. आजच्या नकाशात ही जागा सीरियात आहे. तुमच्यापुढे मात्र साल साधारण 245 आहे आणि गावात रोमन पलटण आहे. पश्चिमेच्या तटाच्या कडेचा बोळ धरा. एक उंटस्वार शिपाई येतोय, तो पुढे जाईपर्यंत भिंतीला टेकून थांबा. कानावर ग्रीक पडतं, अरामी पडतं. याच तटालगत ज्यूंचं सभास्थान आहे, सैनिकांचं मिथ्रदेवाचं देऊळ आहे. तुम्हाला जायचंय ते मातीच्या विटांच्या एका साध्या घरात. त्याच्या दारावर क्रूसही नाही.

देवडीतून वळलात की चौक लागतो. खाली फरसबंदी, एका अंगाला खांबांची ओसरी, भोवताली खोल्या. वाडा पाहिलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. हे घर राहण्यासाठीच बांधलेलं. गिलाव्याच्या खालच्या थरात कुणीतरी कोरलेलं साल दडलंय, आपल्या गणनेने 232-33. नंतर काही वर्षांतच घर ख्रिस्ती मंडळींच्या हाती आलं आणि त्यांनी गवंडी लावला.

दक्षिणेच्या दालनात पाऊल टाका. इथे पूर्वी दोन खोल्या होत्या. मधली भिंत पाडली, जमीन सारखी केली, पूर्वेच्या टोकाला एक बुटका ओटा बांधला. लांबी सुमारे 13 मीटर, रुंदी 5 मीटर. दाटीवाटीने साठ-सत्तर माणसं मावतील. भिंतींवर चित्र नाही. ओट्यावरून मंडळीतले वडील शास्त्रवचन वाचतात तेव्हा मागच्या माणसालाही शब्द स्पष्ट ऐकू येतो. भिंत पाडली ती याचसाठी.

आता वायव्येच्या कोपऱ्यातल्या लहान खोलीत या. दारातच तेलाचा वास येतो. दिवा वर धरा आणि मान वर करा: गडद निळ्या छतावर तारे रंगवलेत. समोर, संगमरवराचा भास होईल अशा रंगवलेल्या दोन खांबांवर कमान आहे आणि कमानीखाली जेमतेम मीटरभर खोल कुंड. कुंडामागच्या भिंतीवर मेंढपाळ उभा आहे, खांद्यावर मेंढरू घेऊन. त्याच्या पायाशी, कोपऱ्यात, आदाम आणि हव्वा अगदी लहान.

दिवा भिंतीजवळ न्या. पक्षघाती माणूस बाजेवर पडलाय. शेजारीच तो उठलाय आणि तीच बाज पाठीवर टाकून निघालाय. त्याच्याकडे हात करणारा येशू तरुण आहे, दाढी नसलेला. त्याची याहून जुनी चित्रं आपल्याला फारशी माहीत नाहीत. पलीकडे एक बाई विहिरीवर वाकून दोर ओढतेय. खालच्या पट्ट्यात बायका मशाली घेऊन एका मोठ्या शवपेटीकडे चालल्यात. गिलाव्यावर कुणी प्रोक्लसने, माझी आठवण ठेवा, असं खरडून ठेवलंय.

सगळा रंग या एका खोलीसाठी का राखला, ते आता उमगतं. नवा माणूस मंडळीत येतो तो इथूनच. एक स्त्री पुढे होते, कपाळाला तेल लागतं, ती कुंडात उतरते. ती बाहेर येते तेव्हा तिच्या ओल्या पावलांचे ठसे जमिनीवर उमटतात. ते वाळण्याआधी तुम्हाला निघायचंय.

साल 256. सासानी बादशहा शापूरचं सैन्य तटाला भिडतंय. तट खचू नये म्हणून रोमन सैनिक आतून भराव घालताहेत. बोळ बुजला, घरं बुजली, मेंढपाळ मातीआड गेला. गाव पडलं, ओस पडलं. त्या भरावाने गाव वाचलं नाही, पण ऊन, वारा आणि माणूस यांच्यापासून चित्रं वाचली.

साल 1932. येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमीच्या उत्खननात माती बाजूला होते आणि निळा रंग पुन्हा उजेड पाहतो. चित्रं पुढे अमेरिकेत येलच्या कलादालनात गेली. मागे उरलेली जागा 2011 नंतरच्या यादवीत चोरट्यांनी ठिकठिकाणी खणून काढली.

कॉन्स्टंटाइनने 313 मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिल्यावर उंच छतांची, खांबांच्या रांगांची चर्चेस उभी राहिली. त्यांचं वैभव जरूर पाहा. पण चर्च या अर्थाच्या मूळ ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलने जो शब्द घेतला, तो इमारतीचं नावच घेत नाही: मंडळी. त्या शब्दाचा अर्थ मला या घराने शिकवला. आधी माणसं जमली, जागा अपुरी पडली, म्हणून मधली भिंत काढली. चर्चच्या वास्तुकलेचा पहिला धडा मी त्या भिंतीच्या रिकाम्या जागेत वाचतो.