गॅबनचे अरण्य किती जुने?

विषुववृत्तीय हवामान शिकवताना आपण एक वाक्य हमखास सांगतो : येथे ऋतू असे नसतात, बाराही महिने उष्णता आणि जवळजवळ रोज दुपारी पाऊस. नकाशावरची विषुववृत्ताची रेघ अॅमेझॉन, काँगो आणि इंडोनेशिया या तीन मोठ्या जंगलांतून जाते आणि तिन्हींना हेच वाक्य लागू केले जाते. परंतु याच रेघेवर, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॅबन नावाचा देश आहे. त्याची राजधानी लिब्रव्हिल विषुववृत्तापासून जेमतेम अर्धा अंश उत्तरेला आहे. तेथे वर्षाला सुमारे २८०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुस्तकातले वाक्य खरे वाटावे. पण जुलै महिन्याचा आकडा पाहावा : दहा मिलिमीटरसुद्धा नाही. जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हा देश कोरडा असतो. आणि तरीही त्याच्या ८५ टक्क्यांहून अधिक जमिनीवर जंगल उभे आहे, त्यातले बरेचसे सदाहरित.

देश तसा फार मोठा नाही. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडे कमी. लोकसंख्या मात्र पंचवीस लाखांच्या आसपास, आणि तीही बहुतांशी शहरांत. सुमारे ८८५ किलोमीटरचा किनारा, त्याच्या मागे सखल दलदली व सरोवरे, मग क्रिस्टल आणि शाय्यू या नावांचे डोंगर, आणि या सर्वांना एकत्र बांधणारी सुमारे १२०० किलोमीटर लांबीची ओगोवे नदी. पंधराव्या शतकात आलेल्या पोर्तुगीज खलाशांना येथील खाडीचा आकार आपल्या अंगरख्यासारखा, 'गाबाव'सारखा, वाटला. त्यावरून देशाचे नाव पडले असे सांगतात.

जुलैत पाऊस का नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना सहज समजू शकेल, कारण या कोड्याचा दुसरा अर्धा भाग त्यांच्या डोक्यावरच कोसळत असतो. सूर्य उत्तरेकडे सरकला की पावसाचा पट्टाही त्याच्यामागे उत्तरेकडे सरकतो. दक्षिण गोलार्धातील आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडून वळतात. हिंदी महासागरावर तेच आपले नैर्ऋत्य मोसमी वारे होतात, अटलांटिकवर ते पश्चिम आफ्रिकेला पाऊस देतात. पट्टा वर गेला की गॅबन मागे, कोरडा राहतो. त्यात आणखी एक गोष्ट घडते. नेमक्या याच महिन्यांत गॅबन-अंगोलाच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या खोल थरांतील थंड पाणी वर येते. दक्षिणेकडून येणारा बेंग्वेला शीत प्रवाहही फार दूर नसतो. थंड पाण्यावरची हवा थंड आणि जड राहते, वर चढत नाही. तिच्यातील बाष्पाचे ढग होतात, पण ते जमिनीलगतच्या पातळ चादरीसारखे पसरतात. त्यांतून फार तर भुरभुर होते.

म्हणजे गॅबनचा कोरडा ऋतू हा उन्हाळा नव्हे. तो वर्षातला सर्वांत थंड आणि सर्वांत अंधारा काळ असतो. लिब्रव्हिलचे सरासरी तापमान मार्चच्या २७ अंशांवरून जुलैत २४ च्या आसपास येते, आणि दिवसेंदिवस सूर्याचे तोंड दिसत नाही. एरवी आपण 'कोरडे' आणि 'लख्ख' हे शब्द इतके जोडीने वापरतो, की कोरडा आणि झाकोळलेला ऋतू कल्पनेत बसायला वेळ लागतो.

जंगलाच्या दृष्टीने सारी मेख इथेच आहे. झाडाला पाणी किती मिळाले हे पर्जन्यमान सांगते. किती खर्च झाले हे ऊन, वारा आणि हवेतील आर्द्रता ठरवतात. आपल्या कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही सखल भागातील पुष्कळ झाडे पाने गाळतात, कारण पुढे महिनोन् महिने कडक ऊन असते. गॅबनच्या मध्यभागी लोपे येथे वर्षाला जेमतेम १५०० मिलिमीटर पाऊस पडतो, शिवाय तीन महिने कोरडे जातात. आकडे पाहिले तर तेथे पानझडीचे जंगल नाहीतर गवताळ रान असायला हवे. पण ढगांच्या आवरणाखाली पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन मंदावते, जमिनीतला ओलावा पुरवून पुरवून वापरला जातो आणि झाडे हिरवी राहतात. उपग्रहांच्या व वेधशाळांच्या नोंदी एकत्र करून फ्रेंच व आफ्रिकी संशोधकांनी २०१९ मध्ये हे चित्र बरेच स्पष्ट केले. आफ्रिकेच्या या पश्चिम भागातील सदाहरित अरण्ये प्रकाशाच्या दृष्टीने दरिद्री हवामानात राहतात, आणि त्या दारिद्र्यावरच ती तगून आहेत.

अशा काठावर उभ्या असलेल्या जंगलाला युरोपियनांनी मात्र अनादि ठरवून टाकले. १८५६ ते १८५९ या काळात पॉल द्यु शाय्यू गॅबनमध्ये हिंडला आणि गोरिलांच्या कातड्या व कवट्या घेऊन परतला. १८७५ पासून द ब्राझा ओगोवेच्या उगमाकडे गेला. या नदीतून आफ्रिकेच्या अंतर्भागात शिरता येईल ही त्याची आशा खोटी ठरली. १८९५ साली मेरी किंग्जली याच नदीवरच्या धावत्या पाण्यातून होडीने गेली. आणि १९१३ मध्ये आल्बर्ट श्वाइट्झर यांनी नदीकाठी लांबारेने येथे आपले रुग्णालय उभारले. त्यांच्या सुप्रसिद्ध पुस्तकाच्या नावातच 'आदिम अरण्य' हा शब्द आहे. त्याच पुस्तकात लाकूडतोडीवर एक आख्खे प्रकरण आहे : प्रचंड ओंडके नदीपर्यंत कसे ओढून आणायचे, त्यांचे तराफे कसे बांधायचे, पुराच्या पाण्यावरून ते समुद्रापर्यंत कसे न्यायचे. हे लाकूड मुख्यतः ओकूमे या झाडाचे असे. वजनाला हलके, पाण्यावर तरंगणारे, फिकट गुलाबी.

हे ओकूमेचे झाड मोठे चुगलखोर आहे. त्याचे पंखयुक्त बी वाऱ्यावर उडते, पण दाट सावलीत पडले तर त्याचे रोप जगत नाही. त्याला उघडी जागा आणि भरपूर प्रकाश लागतो. खऱ्याखुऱ्या अस्पर्श, घनदाट जंगलात ते तुरळक असायला हवे. एखादा वृक्ष उन्मळून पडला आणि खिंडार झाले, तेवढ्यापुरते. मग कित्येक ठिकाणी एकाच उंचीच्या ओकूमेंचे थवेच्या थवे कुठून आले? फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे ओब्रेव्हिल यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला याचे उत्तर दिले : सोडून दिलेल्या शेतांवर आणि मोकळ्या गवताळ जागांवर. येथील शेती आपल्याकडच्या कुमरीसारखी फिरती. जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, दोन-तीन हंगाम केळी व कंद घ्यायचे आणि पुढे सरकायचे. मागे राहिलेल्या जमिनीवर ओकूमे उभे राहायचे. तेव्हा ज्या वृक्षांवर त्या काळचा लाकूडव्यापार पोसला गेला, त्यांतले पुष्कळसे कोणाच्या तरी आजोबा-पणजोबांच्या शेतात उगवलेले होते. ज्याला 'आदिम' म्हटले ते पडीक टाकलेले शेत होते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पुढचा पुरावा मातीतून आला आणि तो वर्गात समजावून सांगण्याजोगा आहे. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते आणि जंगलातील झाडे प्रकाशसंश्लेषण वेगवेगळ्या मार्गांनी करतात. त्यामुळे त्यांच्यात साठणाऱ्या कार्बन-१२ व कार्बन-१३ या समस्थानिकांचे प्रमाण थोडे वेगळे असते. पाने कुजून माती झाली तरी ही खूण टिकते. गॅबनच्या किनारी भागातील ओकूमेच्या जंगलाखालची माती थराथराने तपासली, तेव्हा वरच्या थरात झाडांचा कार्बन सापडला आणि खाली गवताचा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ उघड होता : तेथे पूर्वी गवताळ रान होते आणि जंगल अलीकडच्या काही शतकांत त्यावर चढत आले आहे.

लोपे येथे ही चढाई आजही पाहता येते. ओगोवेच्या काठी, डोंगरांच्या पर्जन्यछायेत, तेथे गवताळ पट्टे शिल्लक आहेत. हिमयुगातील कोरड्या काळाचे ते अवशेष आहेत आणि माणसाने लावलेल्या वणव्यांमुळे ते उघडे राहिले, असे अभ्यासक मानतात. खडकांवर १८०० हून अधिक कोरीव चित्रे आहेत. लोखंड गाळण्याच्या भट्ट्यांचे अवशेष आहेत. या परिसराला २००७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रिचर्ड ओस्लिस्ली या पुरातत्त्वज्ञाने येथील कोळशाचे कार्बन-१४ पद्धतीने कालमापन केले, तेव्हा एक चमत्कारिक पोकळी आढळली. सुमारे १४०० ते ८०० वर्षांपूर्वीच्या काळातील माणसांच्या खुणा जवळजवळ नाहीतच. त्याआधी आहेत, नंतर आहेत, मधे शुकशुकाट. २०२१ मध्ये काँगो खोऱ्यातील सातशेहून अधिक स्थळांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास लोकसंख्या कोसळल्याचे तेथेही दिसले. कारण बहुधा रोगराईचे असावे असा तर्क आहे. माणसे गेली आणि जंगल परतले.

त्याही आधी, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी, मध्य आफ्रिकेतील अनेक सरोवरांच्या गाळात मोठ्या वृक्षांचे परागकण घटतात आणि उघड्या जागी वाढणाऱ्या झाडांचे व गवतांचे वाढतात. याच सुमारास बांटू भाषा बोलणारे शेतकरी या प्रदेशात पसरत होते. जंगल कुऱ्हाडीने मागे हटले की हवामानाने, यावर २०१२ पासून जोरदार वाद झाला आहे. मला हवामानाचा पक्ष अधिक सबळ वाटतो. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात, जवळपास एकाच वेळी, थोड्याशा शेतकऱ्यांनी एवढा बदल घडवणे कठीण. कोरड्या ऋतूने आधी वाटा उघडल्या आणि त्या वाटांनी माणसे आली, असे घडले असणे शक्य आहे.

वसाहतकाळात फ्रेंच प्रशासनाने विखुरलेली गावे रस्त्यांच्या कडेला आणून वसवली आणि अंतर्भाग पुन्हा रिकामा झाला. तेथे फिरती शेती थांबली, तसे नवे ओकूमे उगवणेही अनेक ठिकाणी कमी झाले. नदीपासून दूरचे लाकूड तोडणे दीर्घकाळ परवडत नव्हते. १९८६ मध्ये फ्रान्सव्हिलपर्यंत रेल्वे पूर्ण झाली आणि ही मर्यादा सैल झाली. २००२ मध्ये देशाने एकदम तेरा राष्ट्रीय उद्याने जाहीर केली, २०१० मध्ये अखंड ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. तेव्हापासून लाकडाचे पापुद्रे गॅबनमध्येच काढले जातात, त्या उद्योगात भारतीय कारखानदारही आहेत. आपल्या शाळेतल्या नव्या कपाटाच्या प्लायवूडवरचा पापुद्रा ओकूमेचा असणे अजिबात अशक्य नाही.

आता पुन्हा त्या अंधाऱ्या जुलैकडे वळू. लोपे येथे १९८० च्या दशकात कॅरोलिन ट्यूटिन आणि मिशेल फर्नांडेझ गोरिला व चिंपांझींचा आहार अभ्यासत होते. त्यासाठी त्यांनी ठरावीक झाडांखाली दर महिन्याला जाऊन फुले-फळे मोजण्याचा क्रम सुरू केला. काही वर्षांतच त्यांच्या लक्षात आले, की काही जातींची झाडे कोरड्या ऋतूत रात्रीचे तापमान १९ अंशांखाली उतरले तरच फुलतात. एखाद्या वर्षी तेवढा गारवा आला नाही, तर फुलोरा चुकतो. ढगांचा ऋतू नुसते पाणीच वाचवत नव्हता. झाडांना तो वेळही सांगत होता.

हा क्रम पुढच्या संशोधकांनी चालू ठेवला. दरम्यान लोपेतील रात्रींचे किमान तापमान दर दशकाला सुमारे पाव अंशाने वाढत गेले. २०२० मध्ये तीन दशकांच्या नोंदींचा हिशेब प्रसिद्ध झाला. पिकलेले फळ आढळण्याची शक्यता १९८७ पासून २०१८ पर्यंत सरासरी ८१ टक्क्यांनी घटली होती. १९८७ मध्ये दहा झाडे पाहिली तर एकावर पिकले फळ मिळत असे. २०१८ मध्ये त्यासाठी पन्नासहून अधिक झाडे पाहावी लागत. ऊबदार रात्री हेच याचे कारण असे सिद्ध झालेले नाही, पण संशयाची सुई तिकडेच वळते. या फळांवर जगणाऱ्या अरण्यहत्तींची छायाचित्रेही तपासण्यात आली. २००८ नंतरच्या दशकात त्यांच्या अंगावरचे मांस स्पष्टपणे उतरले होते, फासळ्या दिसू लागल्या होत्या. आणि गावालगतच्या केळीच्या व कसाव्याच्या मळ्यांत हत्ती शिरल्याच्या तक्रारी आता गॅबनभर ऐकू येतात.