घोडा विकून टाकणारा संत

स्पेनच्या उत्तरेस रिओहा प्रांतात देमांदा पर्वताच्या कुशीत दोन मठ उभे आहेत. डोंगरावरचा सुसो आणि दरीतला युसो. जुन्या बोलीत या नावांचा अर्थ 'वर' आणि 'खाली' एवढाच. १९९७ साली युनेस्कोने या दोहोंना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. या वैभवाचे मूळ मात्र सहाव्या शतकातील एका मेंढपाळाच्या गुहेत आहे. एमिलियानुस हे त्याचे लॅटिन नाव. लोकांच्या तोंडी त्याचे मिल्यान झाले.

मिल्यानचे चरित्र लिहिले ते सारागोसाचा बिशप ब्राउलिओ याने, सातव्या शतकाच्या पूर्वार्धात. इसिदोरच्या प्रचंड ज्ञानकोशाची प्रकरणवार विभागणी करणारा हा व्यासंगी पुरुष. आणि त्याचा चरित्रनायक असा की, आठव्या स्तोत्रापलीकडे त्याचे पाठांतर जेमतेमच गेले! तरीही तो तत्त्ववेत्त्यांहून श्रेष्ठ होता, असे ब्राउलिओ निःसंकोचपणे लिहितो. चमत्कारांनी भरलेल्या या चरित्रात त्याने माहिती देणाऱ्या चौघांची नावेही नोंदवून ठेवली आहेत, हे विशेष. त्यांत पोतामिया नावाची एक धर्मनिष्ठ स्त्री आहे.

तरुणपणी मेंढरे राखता राखता मिल्यानला वैराग्याची ओढ लागली. बिलिबिओच्या फेलिक्स नामक तपस्व्यापाशी राहून तो पर्वतात शिरला, आणि सुमारे चाळीस वर्षे एकांतात राहिला. पुढे तारासोनाच्या बिशपने आग्रहाने त्याला बेर्सेओ गावच्या चर्चचा धर्मोपदेशक नेमले. तेथे त्याने काय करावे? चर्चची मालमत्ता गोरगरिबांना वाटण्याचा सपाटा लावला. सहकाऱ्यांनी तक्रार केली, बिशप संतापला, आणि मिल्यान आपल्या गुहेकडे परतला. एकदा देण्याजोगे काहीच हाताशी नव्हते, तेव्हा त्याने अंगरख्याच्या बाह्या कापून प्रावरणासह याचकाला दिल्या. त्याचा घोडा चोरणाऱ्या दोघांनी पश्चात्ताप होऊन तो परत आणला. तर मिल्यानने, आपण घोडा बाळगलाच का, म्हणून स्वतःलाच दोष दिला, घोडा विकला आणि आलेला पैसा गरिबांत वाटला. इ. स. ५७४ मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, त्याचे निधन झाले अशी परंपरा आहे.

नंतरच्या शतकांनी या विरक्ताचे जे केले, ते मोठे उद्बोधक आहे. त्याच्या अस्थींसाठी सोने व हस्तिदंत यांनी मढवलेली पेटी अकराव्या शतकात घडविली गेली. १८०९ मध्ये फ्रेंच सैनिकांनी त्यातले सोने लुटले, हस्तिदंती चित्रफलक बहुतांशी वाचले. १०५३ साली राजा गार्सिया या अस्थी नाहेरा येथे नेऊ लागला, तेव्हा गाडीचे बैल दरीतच अडले आणि तेथेच युसो मठ उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. याहून नवल त्या दस्तऐवजाचे, ज्यावर ९३४ सालची तारीख आणि सरदार फेर्नान गोन्सालेसचे नाव आहे. कास्तीलच्या गावांनी मठाला दरवर्षी धान्य, द्राक्षमद्य, लोखंड इत्यादी द्यावे, असे त्यात फर्मावले आहे. तो बनावट असून बाराव्या-तेराव्या शतकात रचला गेला, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. या मागणीच्या समर्थनार्थ कथा अशी की, मूरांशी झालेल्या युद्धात संत याकोब आणि मिल्यान शुभ्र घोड्यांवरून आकाशातून उतरले. ज्याने आपला एकुलता घोडा विकून टाकला, त्याला करवसुलीसाठी घोड्यावर बसविण्यात आले! मठाशी निगडित असलेल्या गोन्सालो दे बेर्सेओ या कवीने तेराव्या शतकात हीच कथा लोकभाषेत रसाळपणे गायिली. कास्तीलियन भाषेतला नावाने ज्ञात असलेला तो पहिला कवी. वसुलीचा हेतू बाजूस ठेवूनही ते काव्य वाचनीय आहे.

या मठाच्या ग्रंथालयातील एका लॅटिन पोथीत, अकराव्या शतकाच्या सुमारास, कोणा अनाम साधूने ओळींच्या मध्ये आणि समासात हजाराहून अधिक टिपा लिहिल्या. कठीण लॅटिन शब्दांचे अर्थ त्याने बहुतांशी लॅटिनमध्येच दिले; पण शंभरांवर ठिकाणी त्याने रोजच्या बोलीचा आश्रय घेतला, आणि दोन टिपा तर बास्क भाषेत लिहिल्या. एक टीप बारा लहान ओळींची असून ती एक लहानशी प्रार्थनाच आहे. स्पेनमधील लोकभाषेच्या आरंभीच्या लेखनात तिची गणना होते. ती पोथी आता माद्रिदच्या इतिहास अकादमीत आहे. लॅटिन अवघड वाटणाऱ्या त्या टीपकाराला, आठ स्तोत्रांवर अडलेला मिल्यान परका वाटला नसावा.