कुंडीपासून वाफेपर्यंत
(चामडे मऊ करण्याच्या विद्येचा अल्प इतिहास)

समाजाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी बहुधा पुढाऱ्यांकडे, परिषदांकडे व ठरावांकडे वळते. ते योग्यच आहे. तथापि ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या घर चालविले, त्या हातांना काय काय ठाऊक होते याची नोंद मात्र क्वचितच होते. आपले वाडवडील शाळेत गेले नाहीत म्हणून त्यांना विद्या नव्हती असा समज बाहेरच्यांनी करून घेतला, आणि खेदाची गोष्ट ही की आपल्यांतीलही काहींनी तो खरा मानला. प्रस्तुत लेखात त्या विद्येतील एकच क्रिया घेतली आहे : जोडा बांधण्यापूर्वी चामडे मऊ करणे. क्रिया दिसावयास लहान आहे, परंतु सगळ्या धंद्याचे मर्म तिच्यात आहे.

राजापूर तालुक्यातील नाटे गाव आपणांपैकी पुष्कळांना परिचित आहे. जैतापूर खाडीच्या मुखाजवळचा हा मुलूख. यशवंतगडाची तटबंदी, जवळच आंबोळगड, मुसाकाजीचे बंदर आणि बारा महिने खारा वारा. अशा हवेत चामड्याचा स्वभाव घाटावरच्यापेक्षा निराळा पडतो. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात चामडे कडक होऊन तडकू पाहते, तर समुद्रकाठी ते हवेतील ओल आपण होऊन शोषते व पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते. म्हणजे किती पाणी पाजावयाचे व किती वेळ सुकवावयाचे याचे एकच एक माप सर्व मुलखांना व सर्व ऋतूंना लागू पडत नाही. हे माप कारागिराच्या बोटांत असे.

चामड्यास पाणी का लागते, हे प्रथम पाहू. कातडे हे कोलॅजन नावाच्या द्रव्याच्या अतिसूक्ष्म तंतूंचे विणकाम होय. कच्च्या कातड्यातील हे तंतू सुकले म्हणजे एकमेकांस चिकटून बसतात व ते लाकडासारखे कडक होते. ओले राहिले तर कुजते. झाडांच्या सालींतील तुरट द्रव्य या तंतूंना जाऊन भिडले म्हणजे कातडे कुजत नाही व त्याचे चामडे होते. कोकणात ऐनाची साल व हिरडा, देशावर बाभळीची साल व हिरडा, अशी ही कमावण्याची सामग्री होती. महाराष्ट्रात कमावण्याचे काम बहुधा ढोर-कक्कय्या समाजाकडे, व कमावलेल्या चामड्याची वहाण, जोडा वा मोट करण्याचे काम चर्मकारांकडे, अशी विभागणी असे.

कमावलेल्या चामड्यातही साधारण बारा ते सोळा टक्के ओल असतेच. ती वाढविली म्हणजे पाण्याचे कण तंतूंच्या मध्ये शिरतात, तंतू एकमेकांवरून सरकू लागतात, आणि चामडे ताणले असता न फाटता वळण घेते. त्याच वळणात ते सुकविले की तंतू नव्या जागी स्थिर होतात व आकार कायम राहतो. ओले करणे, ताणणे आणि ताणलेल्या स्थितीत सुकविणे, या तीन पायऱ्यांवर जगातील सर्व चामडी जोड्यांचा धंदा उभा राहिला आहे. रापी, आरी, हातोडी व फर्मा ही हत्यारे त्या पायऱ्यांच्या सेवेस आहेत.

आता आपली कुंडी पाहा. कारागिराच्या बैठकीशेजारी पाण्याची कुंडी नाही असे चर्मकाराचे घर पूर्वी नव्हते. तळाचे जाड चामडे तीत बुडवीत. बुडबुडे उठावयाचे थांबले म्हणजे पाणी आतवर पोहोचले असे समजावयाचे. मग ते बाहेर काढून ओल्या फडक्यात वा गोणपाटात गुंडाळून ठेवावयाचे, म्हणजे वरची जादा ओल आत मुरते व सर्व चामडे सारखे होते. अति ओले चामडे आरीखाली फाटते. अपुरे ओले असले तर हातोडीखाली चिरते. योग्य ओलीचे चामडे दगडावर ठोकले की त्याचे तंतू दाट बसतात व तळ टिकाऊ होतो. कुंडी दगडाची, मातीची किंवा लाकडाची असण्यातही तथ्य होते. सालीने कमावलेल्या ओल्या चामड्यास लोखंड लागले की काळेनिळे डाग पडतात, कारण तुरट द्रव्य आणि लोह यांच्या संयोगानेच पूर्वी लिहावयाची शाई होत असे. संत रोहिदासांच्या काथवटीत गंगा प्रकटल्याची जी कथा आपण घरोघरी सांगतो, ती काथवट म्हणजे हेच चामडे भिजविण्याचे भांडे. साऱ्या देशाने पूज्य मानलेली कथा आपल्या धंद्याच्या एका साध्या पात्राभोवती गुंफलेली आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

येथे कोणी विचारील की, पाण्याऐवजी वाफ वापरली असती तर काम अधिक लवकर झाले नसते काय ? आपल्या पूर्वजांना ते सुचले नाही काय ? या प्रश्नाचे उत्तर चामड्याच्या अंगातच आहे. ओल्या चामड्यास एका मर्यादेपलीकडे उष्णता लागली की तंतू एकाएकी आखडतात. चामडे आकसते, आणि सुकल्यावर खापरीसारखे कडक होते. कच्च्या कातड्याची ही मर्यादा साठ ते पासष्ट अंश सेंटिग्रेडच्या आसपास, सालीने कमावलेल्याची सुमारे सत्तर ते पंच्याऐंशी अंश. उकळत्या पाण्याची वाफ शंभर अंशांची. तेव्हा सालीच्या चामड्यावर उघडी वाफ बेताल सोडणे म्हणजे माल जाळणे होय. मध्ययुगात युरोपातील कारागीर चामडे मुद्दाम गरम पाण्यात घालून कडक करीत व त्याची चिलखते बनवीत. पायांत घालावयाच्या वस्तूस मात्र कडकपणा नको असतो. म्हणून कुंडीतील पाणी थंड होते ते अडाणीपणामुळे नव्हे. त्या चामड्यास तेच मानवणारे होते.

वाफेला मोकळी वाट मिळाली ती क्रोमच्या शोधाने. न्यूयॉर्क येथील ऑगस्ट शुल्ट्झ याने १८८४ साली क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. या रीतीने महिन्यांचे काम दिवसांवर आले, आणि असे चामडे शंभर अंशांच्या उष्णतेसही बहुधा दाद देत नाही. त्याच्या एक वर्ष आधी, २० मार्च १८८३ रोजी, अमेरिकेतील लिन या जोड्यांच्या शहरी यान एर्न्स्ट मात्सेलिगर याने चामडे फर्म्यावर ताणून बसविणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले. हा सुरिनाममध्ये जन्मलेला कृष्णवर्णी मजूर. कारखान्यात काम करता करता त्याने हातकारागिरांची बोटे व पक्कड कशी फिरते हे वर्षानुवर्षे न्याहाळले, व ती हालचाल लोखंडात उतरविली. कुशल कारागीर दिवसभरात सुमारे ५० जोड ताणून बसवी. यंत्र १५० पासून ७०० पर्यंत बसवू लागले. हा शोधक १८८९ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी वारला, आणि त्याच्या यंत्रावर इतरांनी अमाप पैसा मिळविला.

यंत्राचा वेग वाढला तसे चामडे भिजवून रात्रभर मुरत ठेवणे परवडेनासे झाले. मग कारखान्यांतून दमट हवेच्या खोल्या आल्या. शिवलेली वरची चामडी तेथे टांगून ठेवीत. पुढे वाफेच्या पेट्या आल्या. फर्म्यावर चढविण्यापूर्वी जोड्याच्या पुढच्या टोकावर थोडा वेळ वाफ सोडावयाची. ओल व ऊब एकदमच मिळून चामडे नरम पडते, व आत घातलेला टोकाचा कडक थरही ढिला होतो. लगेच यंत्राने ताणावयाचे व नंतर गरम हवेत सुकवावयाचे. पूर्वी जोडा आकार धरावा म्हणून फर्म्यावर कित्येक दिवस ठेवीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओलसर उष्णतेने आकार पक्का करण्याच्या रीती रूढ झाल्या आणि ते काम मिनिटांवर आले. पायऱ्या पाहू गेल्यास त्याच तीन : ओल, ताण, सुकवण. कुंडीची जागा बॉयलरने घेतली, एवढेच.

हिंदुस्थानात ही नवी विद्या प्रथम लष्कराच्या गरजेपोटी आली. कानपूर येथे सरकारी खोगीर-सामानाचा कारखाना व १८८० नंतरच्या दशकात कूपर ॲलन कंपनी उभी राहिली; मुंबईस शीव-धारावीच्या बाजूस सर आदमजी पीरभाई यांनी चामड्याचा व लष्करी बुटांचा धंदा थाटला. मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास क्रोम पद्धतीचे प्रयोग चालविले. त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यत्वे विहिरीचे पाणी काढणारी चामड्याची मोट होती, कारण क्रोमचे चामडे सतत पाण्यात राहूनही लवकर कुजत नाही. १९३१ साली बाटा कंपनी येथे आली, व पुढे कलकत्त्याजवळ बाटानगर वसले. यंत्राचा स्वस्त बूट शहराशहरांतून विकावयास आला.

याच काळात वाफेने कोकणावर दुसऱ्याही बाजूने परिणाम घडविला. कोकणात देशावरच्यासारखी बलुत्याची घडी पुरती बसलेली नव्हती. खोतीच्या अंमलाखाली कारागिराच्या पदरी पडणारे धान्य बेताचेच, आणि बहुतेक रयत अनवाणी. ती खोती रद्द झाली ती १९४९ च्या कायद्याने. तोवर उपजीविकेसाठी मुंबई गाठणे हाच मार्ग होता. जैतापूर हे किनाऱ्यावरच्या आगबोटींचे थांबण्याचे बंदर. पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या की गाठोडे घेऊन माणसे मुंबईकडे निघत. ज्या वाफेने कारखान्यात हातकारागिराचे काम हिरावले, त्याच वाफेने त्याला कारखान्याच्या दाराशी नेऊन पोहोचविले. गावी तो आपल्या कुंडीचा धनी होता. मुंबईत कोणी रोजंदारीवर लागला, कोणी पदपथावर दुरुस्तीची पेटी मांडून बसला. हे स्थित्यंतर निव्वळ तोट्याचेच होते असे मात्र म्हणता येणार नाही. रोख मजुरी, मुलांना शाळा आणि गावकीच्या जाचापासून थोडी मोकळीक, हे मुंबईनेच दिले.

परंतु या इतिहासातील एक विसंगती स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. कुंडीतील पाण्यात हात घालणाऱ्या माणसास शेकडो वर्षे विटाळ मानला गेला. त्याने सार्वजनिक पाणवठ्यास शिवू नये असा दंडक होता. तेच पाणी बॉयलरमध्ये जाऊन वाफ झाले, त्याच चामड्यास लागले, तेव्हा त्यास उद्योग हे नाव मिळाले व सर्व जातींचे लोक त्याचे मालक, व्यापारी व तंत्रज्ञ होण्यास पुढे सरसावले. काम तेच, चामडे तेच. म्हणजे अमंगळपणा कामात कधीच नव्हता. तो पाहणाऱ्याच्या दृष्टीत होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो २० मार्च १९२७ रोजी. मात्सेलिगरच्या पेटंटाची तारीखही २० मार्चच, हा केवळ योगायोग होय. परंतु हातांचे श्रम व पाण्याचा हक्क या दोन्ही गोष्टी आपल्या स्मरणात एकत्र राहाव्यात यासाठी तो उपयोगी पडावा.

आजची स्थिती काय आहे ? मद्रास, म्हणजे आताच्या चेन्नई येथे १९४८ साली केंद्रीय चर्म संशोधन संस्थेची स्थापना झाली. महाराष्ट्रात १९७४ साली चर्मोद्योग महामंडळ निघाले व पुढे त्यास संत रोहिदासांचे नाव जोडले गेले. वांद्रे येथील शासकीय तंत्रनिकेतनात चर्मतंत्राचे पदविका शिक्षण अनेक वर्षे दिले जात आहे. सालीने कमावलेले चामडे पाण्याने मऊ करून, ठोकून, वादीने शिवलेली कोल्हापुरी चप्पल फर्म्यावाचून व वाफेवाचून आजही तयार होते. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जुनी रीत मागासलेली असती तर तिला असे संरक्षण देण्याचे कारणच पडले नसते. त्याचबरोबर, उद्याचा बूट यंत्रावरच बनणार हेही तितकेच खरे. त्या यंत्रावर वाफ किती अंशांची व किती वेळ सोडावी हे ठरविणाऱ्या जागी आपली मुले-मुली बसली पाहिजेत. नुसते यंत्राचे खटके दाबणाऱ्या जागेवर समाधान मानून चालणार नाही.

यास्तव ज्ञातिबंधुभगिनींस दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. ज्यांच्या घरी जुनी कुंडी, रापी, आरी वा कलबूत शिल्लक असेल त्यांनी ती भंगारात घालू नये. आणि ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीच्या घरातील आजोबा-आजी आहेत, त्यांच्याकडून चामडे किती भिजवीत, पावसाळ्यात काय निराळे करीत, ओल योग्य झाली हे बोटांना कसे कळे, हे त्यांच्याच शब्दांत वहीवर उतरून घ्यावे. घरातील शिकलेल्या मुलांनी हे काम सुट्टीत केले तरी पुरे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा वह्यांतील चार पाने छापता आली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे प्रस्तुत लेखकास वाटेल.