अमेरिकेतील मालकीहक्क विम्याचा उदय व मर्यादा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात ताबा डोळ्यांना दिसतो. मालकीहक्क मात्र कागदपत्रांवरून अनुमानाने ठरवावा लागतो. विक्री करणारा खरोखरच मालक आहे काय, त्याच्या वडिलांच्या पश्चात सर्व वारसांनी सह्या केल्या होत्या काय, एखादे जुने गहाण अद्याप फिटावयाचे आहे काय, हे प्रश्न जागा पाहून सुटत नाहीत. आयुष्यभराची बचत घरात गुंतविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही अनिश्चितता फार मोठी असते. या अनिश्चिततेवरील एक उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत 'टायटल इन्शुरन्स', म्हणजेच मालकीहक्काचा विमा, अस्तित्वात आला. हा विमा कोणत्या परिस्थितीतून निर्माण झाला आणि त्याने घरमालकास नेमके कोणते संरक्षण दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दस्तांची नोंद आणि हक्काचा शोध

अमेरिकेत जमिनीचे दस्त सरकारी दप्तरात नोंदविण्याची पद्धत वसाहतकाळापासून आहे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने यासंबंधीचा कायदा १६४० मध्येच केला होता. मात्र या पद्धतीत नोंद होते ती दस्ताची, हक्काची नव्हे. दप्तरदार दस्त स्वीकारतो व जपून ठेवतो. तो देणाऱ्यास तसा अधिकार होता किंवा नाही, याची शहानिशा करणे हे त्याचे काम नसते. परिणामी प्रत्येक खरेदीच्या वेळी मागील अनेक वर्षांचे दस्त, गहाणखते, मृत्युपत्रे व न्यायालयीन हुकूमनामे नव्याने तपासावे लागत. पेनसिल्व्हानियात हे काम 'कन्व्हेयन्सर' म्हणून ओळखले जाणारे व्यावसायिक करीत. खरेदीखत तयार करणे व हक्काचा शोध घेणे ही दोन्ही कामे त्यांच्याकडे असत. खरेदीदाराचा सारा विश्वास या एका माणसाच्या नजरेवर व प्रामाणिकपणावर अवलंबून असे.

वॉटसन विरुद्ध म्युरहेड

या विश्वासाची मर्यादा पेनसिल्व्हानियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६८ मध्ये वॉटसन विरुद्ध म्युरहेड या खटल्यात स्पष्ट केली. म्युरहेड हा कन्व्हेयन्सर होता. मालमत्तेचा शोध घेताना पूर्वीच्या हुकूमनाम्याचा बोजा त्याच्या दृष्टीस पडला होता. त्याने वकिलाचा सल्ला घेतला. हा बोजा मालमत्तेस लागू होत नाही असे वकिलाचे मत पडले आणि त्या मताच्या आधारे हक्क निर्वेध असल्याचे वॉटसनला सांगण्यात आले. पुढे बोजा कायद्याने टिकला व नुकसान वॉटसनला सोसावे लागले. न्यायालयाने म्युरहेडला जबाबदार धरले नाही, कारण त्याने निष्काळजीपणा केलेला नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय तर्कसंगतच होता. आपल्या व्यवसायातील योग्य ती दक्षता घेणाऱ्यास केवळ मत चुकले म्हणून दंड कसा करावा? परंतु याचा दुसरा अर्थ असा की, शोध घेणाऱ्याची चूक नाही, खरेदीदाराची तर नाहीच, तरीही घर अडचणीत येऊ शकते आणि त्याची भरपाई कोणीच देत नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी दोष सिद्ध करण्यावर अवलंबून नसलेले संरक्षण आवश्यक होते. पेनसिल्व्हानियाच्या विधिमंडळाने १८७४ मध्ये अशा कंपन्यांच्या स्थापनेस वाट करून दिली आणि २८ मार्च १८७६ रोजी जोशुआ मॉरिस व त्याच्या काही सहव्यावसायिकांनी 'रिअल इस्टेट टायटल इन्शुरन्स कंपनी ऑफ फिलाडेल्फिया' स्थापन केली. ज्या कन्व्हेयन्सर मंडळींना न्यायालयाने जबाबदारीतून मोकळे केले होते, त्यांच्यापैकीच काहींनी ती जबाबदारी कंपनीच्या रूपाने आणि मोबदला घेऊन पुन्हा स्वीकारली, ही बाब लक्षणीय आहे.

विम्याचे स्वरूप

आयुर्विमा किंवा आगीचा विमा भविष्यातील घटनेचा असतो. मालकीहक्काचा विमा भूतकाळाचा असतो. पॉलिसीच्या तारखेपूर्वी घडून गेलेले, परंतु दप्तरातून न कळलेले दोष त्यात येतात. बनावट सहीचे खरेदीखत, अज्ञानाने किंवा मनोविकल व्यक्तीने करून दिलेला दस्त, वाटणीच्या वेळी अस्तित्वच ठाऊक नसलेला वारस, नोंद करताना झालेली चूक, ही त्याची ठळक उदाहरणे होत. बनावट दस्ताने हक्क हस्तांतरित होत नाही. खरा मालक पुढे आला तर निष्पाप खरेदीदारासही जागा गमवावी लागू शकते. अशा वेळी कंपनी पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत भरपाई देते. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, घरमालकाच्या हक्कास आव्हान दिले गेल्यास दाव्याचा खर्च कंपनी उचलते. सामान्य कुटुंबास अनेकदा हरण्यापेक्षा लढण्याचाच खर्च अधिक जड जातो. हप्ता खरेदीच्या वेळी एकदाच भरावयाचा असतो आणि संरक्षण मालक व त्याचे वारस यांचा हक्क असेपर्यंत टिकते.

मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. खरेदीदारास स्वतःस ठाऊक असूनही त्याने दडवून ठेवलेला दोष, खरेदीनंतर निर्माण झालेला बोजा, शासनाने केलेले भूसंपादन या बाबी सामान्यतः विम्याबाहेर राहतात. शिवाय विमापत्रे दोन प्रकारची असतात. कर्ज देणाऱ्या बँकेच्या नावे असलेली पॉलिसी केवळ बँकेच्या थकबाकीचे रक्षण करते. तिचा हप्ता बहुधा घर घेणाराच भरतो. तथापि स्वतःच्या नावे स्वतंत्र पॉलिसी नसेल तर त्याने घातलेल्या भांडवलास तिचा काही उपयोग नसतो. विसाव्या शतकात गृहकर्जे दूरच्या गुंतवणूकदारांस विकली जाऊ लागली. फॅनी मे या संस्थेची स्थापना १९३८ ची आहे. या गुंतवणूकदारांस स्थानिक वकिलाचे मत पुरेसे वाटेना. त्यांना सर्वत्र सारख्या मजकुराची पॉलिसी हवी होती. या विम्याच्या प्रसारामागे घरमालकाच्या काळजीइतकीच, किंबहुना अधिक, ही गरज होती असे म्हणावे लागते.

अन्य मार्ग

याच समस्येवर दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट रिचर्ड टॉरेन्स यांच्या पुढाकाराने १८५८ मध्ये वेगळाच कायदा झाला. तेथे दस्ताऐवजी हक्काचीच नोंद होऊ लागली व त्या नोंदीची हमी शासनाने घेतली. अमेरिकेतही हा प्रयोग झाला. शिकागोच्या १८७१ च्या आगीत सरकारी जमीनदप्तर भस्मसात झाले होते. खाजगी शोधसंस्थांनी वाचविलेल्या नकलांवर शहराचे हक्क उभे राहिले आणि १८७२ च्या कायद्याने त्या नकलांस पुराव्याचा दर्जा मिळाला. या अनुभवानंतर इलिनॉयने १८९७ मध्ये टॉरेन्स पद्धत स्वीकारली खरी, पण ती ऐच्छिक होती आणि १९९० च्या दशकात बंद झाली. कॅलिफोर्नियात १९३७ मध्ये एकाच दाव्याने भरपाई निधी रिकामा झाला व १९५५ मध्ये तो कायदा रद्द करण्यात आला.

आयोवा राज्याचा मार्ग मात्र निराळा आहे. तेथे १९४७ मध्ये खाजगी मालकीहक्क विम्याच्या विक्रीस मनाई करण्यात आली. दस्तांचा गोषवारा व वकिलाचे मत ही जुनी पद्धत चालू राहिली आणि गुंतवणूकदारांची मागणी भागविण्यासाठी १९८५ मध्ये राज्यानेच हमी योजना सुरू केली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ च्या अहवालात या उद्योगात हप्त्यांपैकी सुमारे ५ टक्के रक्कमच दाव्यांपोटी जाते, असे नमूद केले होते. उर्वरित रकमेचा मोठा भाग शोधकार्य व प्रतिनिधींचे कमिशन यांवर खर्च होतो. कंपनी शोधात सापडलेला दोष व्यवहारापूर्वीच दूर करविते, हे तिचे खरे कार्य आहे. मात्र सार्वजनिक दप्तर पूर्वीइतकेच अनिश्चित राहते व पुढील खरेदीदारास तोच शोध पुन्हा विकत घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील परिस्थिती

भारतातील नोंदणी अधिनियम, १९०८ हाही दस्तांच्याच नोंदणीचा कायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे सातबारा हा हक्काचा अंतिम पुरावा नव्हे. म्हणूनच दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांचा शोध, वकिलांचा दाखला आणि वृत्तपत्रातील जाहीर नोटीस यांवर खरेदीदारास विसंबावे लागते. वॉटसनची स्थितीही फारशी निराळी नव्हती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी १९८९ च्या अहवालात शासनहमीच्या हक्कनोंदणीची शिफारस केली होती. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ने मात्र विम्याकडेही पाहिले. कलम १६ ने प्रवर्तकावर जमिनीच्या हक्काचा विमा घेण्याची तरतूद केली, पण तिची अंमलबजावणी राज्य शासनाच्या अधिसूचनेवर सोपविली. कलम १८(२) प्रमाणे सदोष हक्कामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई प्रवर्तकाने द्यावयाची असून त्या मागणीस मुदतीची बाधा येत नाही. ही भरपाई देण्यास वीस वर्षांनंतर तो प्रवर्तक अस्तित्वात असेल किंवा नाही, याविषयी कायदा काही सांगू शकत नाही.