आकाशयानातील कामगार

होऊन गेलेल्या काळाची हुरहूर सर्वांनाच वाटते. परंतु जो काळ कधी आलाच नाही त्याची हुरहूर लागणे हा प्रकार नवा आहे, आणि तो आमच्या पिढीच्या वाट्यास आला आहे. १९६० च्या पुढेमागे अमेरिकेत व इंग्लंडात दूरचित्रवाणीवर ज्या विज्ञानकथा दाखविल्या गेल्या, त्यांतील तेविसावे शतक आज पुष्कळांना आजोळच्या गावासारखे आठवते. ते रंगविलेले खडक, ते लुकलुकणारे दिवे, माणूस जवळ येताच आपोआप उघडणारी ती दारे! त्या दारांमागे एक कामगार उभा असे आणि तो ती दोरीने ओढीत असे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाही.

आम्ही चित्रपटकलेचे अभ्यासक नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेत व सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले, आणि पुढील आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. तेव्हा हा विषय आम्ही का घ्यावा, असे कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेच की, दोरी ओढणाऱ्या त्या माणसाविषयी बोलावयास दुसरे कोणी फारसे उभे राहत नाही.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका रविवारी सकाळी दाखविली. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप तोवर विरून गेला होता, आणि चाळीतील कित्येक घरांतली तांब्यापितळेची भांडी मोडीत गेली होती. ज्या एका खोलीत टीव्ही होता तिच्या दारात आम्ही पोरे दाटी करून बसत असू. इंग्रजी संवाद आम्हांस चार आणेही कळत नसत. पण एक गोष्ट भाषेवाचून कळली. यानाचा कप्तान कितीही शूर असो, खाली इंजिनखात्यातला स्कॉटी मान डोलावीपर्यंत यान जागचे हलत नसे. आमच्या वडीलधाऱ्यांनी बॉयलर व साचे चालविले होते. त्यांना कप्तानापेक्षा स्कॉटीच अधिक आवडे.

या कथांचा उगम एका अडचणीत आहे. १९५५ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाची हत्या झाली आणि आरोपी निर्दोष सुटले. त्या घटनेवरून रॉड सर्लिंग या लेखकाने दूरचित्रवाणीसाठी एक नाटक लिहिले. ते १९५६ साली दाखविले गेले तेव्हा जाहिरातदारांच्या धास्तीने कथानक दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडात नेलेले होते. दक्षिणेची आठवण नको म्हणून दृश्यातल्या कोका-कोलाच्या बाटल्यादेखील काढून टाकल्या होत्या! सर्लिंगने यातून एक वाट शोधली. जे गावच्या माणसाच्या तोंडी घालू देत नाहीत ते परग्रहावरच्या माणसाच्या तोंडी घालावे, मग जाहिरातदार हरकत घेत नाही. आमच्याकडे वगातला सोंगाड्या राजाला त्याच्या तोंडावर बोलतो आणि वर बिदागी घेतो, त्यातलाच हा प्रकार. २ ऑक्टोबर १९५९ पासून त्याची ‘ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू झाली. पाच वर्षांत तिचे १५६ भाग झाले आणि त्यांतले ९२ एकट्या सर्लिंगने लिहिले.

त्यांतील एक भाग प्रत्येक कामगार पुढाऱ्याने पाहावा असा आहे. तो १५ मे १९६४ रोजी दाखविला गेला. व्हिपल नावाचा एक कारखानदार आहे. तो एक नवे यंत्र आणतो आणि हजारो माणसे घरी बसवितो. डिकरसन हा जुना फोरमन त्याला सांगावयास येतो की माणसाला नुसती मजुरी लागते असे नाही, आपल्या हातून काही होते हा अभिमानही लागतो. व्हिपल ऐकत नाही. तो सारा वेळ साखळीला लावलेली किल्ली बोटाभोवती गरगर फिरवीत असतो. डिकरसन एका रात्री दारू पिऊन येतो आणि त्या यंत्रावर तुटून पडतो, तेव्हा व्हिपल पहारेकऱ्याचे पिस्तूल घेऊन त्याच्यावर गोळी झाडतो. मग एकेक करीत सारेच जातात. मुख्य अभियंताही जातो. शेवटी संचालक मंडळ व्हिपललाच निवृत्त करते, आणि अखेरच्या दृश्यात त्याच्या खुर्चीशी एक यंत्रमानव उभा राहून तीच किल्ली तशीच गरगर फिरवीत असतो.

प्रेक्षकांनी टाळ्या पिटाव्यात असा हा शेवट आहे, आणि तो पाहताना आम्हीही मनातून खूश होतो. तथापि साठ वर्षांनंतर सांगावयास हवे की सर्लिंगचा प्रश्न खरा होता, त्याचे उत्तर खोटे निघाले. यंत्राने फोरमन घालविला, टंकलेखक घालविला, टेलिफोनवरच्या मुली घालविल्या. पण यंत्राने मालक घालविल्याचे एकही उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. आज आमच्या कचेरीत येणारी मुले मोटारसायकलीवरून घरोघर माल पोचवितात. त्यांना मुकादम नाही. खिशातला फोनच मुकादम. एखादे दिवशी ‘आयडी बंद’ झाली की संपले. कोणी बंद केली, कशाबद्दल केली, हे सांगणारा माणूस त्यांना भेटत नाही. व्हिपलच्या कारखान्यात निदान गोळी झाडणारा माणूस समोर दिसत होता.

‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखविला गेला आणि शेवटचा ३ जून १९६९ रोजी, एकूण ७९ भाग. ८ मार्च १९६८ च्या भागात डेस्ट्रम नावाचा शास्त्रज्ञ यानावर एक संगणक बसवितो. जेथे चारशेवर माणसे लागत तेथे वीस पुरे होतात. कप्तान कर्क बेकार होतो, आणि आपण निरुपयोगी ठरलो या कल्पनेने तो मोठा माणूस गोंधळून जातो. पुढे संगणक लुटूपुटीची लढाई खरी समजतो आणि शेकडो माणसे मारतो. अखेर कर्क त्याला त्याच्या पापाची जाणीव करून देतो, आणि तो स्वतःच बंद पडतो. श्रोतेहो, यंत्राला पश्चात्ताप होईल या भरवशावर कोणी संघटना चालवीत नाही. त्याच दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाचे कर्मचारी इलॅको हाउस या इमारतीत संगणक येऊ नये म्हणून पहारा देत होते. त्यांना आडमुठे म्हणून हिणविण्यात आले. पण जो प्रश्न कर्कने विचारला की तत्त्वज्ञान होतो, तोच प्रश्न कारकुनाने विचारला की आडमुठेपणा कसा होतो, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

या मालिकेतील आणखी एका भागाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. २८ फेब्रुवारी १९६९ च्या त्या भागात ढगांवर तरंगणारे एक नगर आहे. वर कलावंत व विचारवंत राहतात, खाली खाणीत काळवंडलेले मजूर राबतात. आणि वरच्यांचे म्हणणे असे की खालच्यांना उपजतच बुद्धी कमी. डॉक्टर तपासून सांगतो की तसे काही नाही, खाणीतल्या वायूने त्यांची बुद्धी मंदावते. येथवर ही कथा इतकी खरी आहे की अंगावर काटा यावा. आणि यावर उपाय कोणता? तर तोंडाला लावावयाचे मुखवटे! मजुरीचे काय, खाण कोणाची, वर राहावयास कोणी जावे, हे सारे राहून गेले. कापसाच्या धुळीने ज्यांची फुफ्फुसे गेली त्या गिरणीवाल्यांना हे ओळखीचे वाटेल. कामगारांचा कैवार घेणारा प्रत्येक भला अधिकारी मुखवट्यापासून आरंभ करतो. पुष्कळदा तेथेच थांबतो.

आता पडद्यावरची गोष्ट सोडून पडद्यामागे जाऊ. इंग्लंडात बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू केली. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती. निर्माती व्हेरिटी लँबर्ट तिशीच्या आतली, आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौस जन्मलेला चोवीस वर्षांचा तरुण. लवकरच या मालिकेत डॅलेक नावाचे यंत्रासारखे शत्रू आले आणि देशभर मुलांना त्यांचे वेड लागले. दुकाने डॅलेकच्या खेळण्यांनी भरली. डॅलेकची कल्पना टेरी नेशन या लेखकाची. त्याच्या करारात हक्क राखलेले होते, म्हणून तो श्रीमंत झाला. पण ते घुमटासारखे डोके, अंगावरचे ते अर्धगोल, पाय न दिसता सरकणे, हे सारे रेमंड कुसिक या पगारी कारागिराच्या हातचे होते. पगारदाराने जे केले ते संस्थेचे, या न्यायाने त्याला हक्क काहीच नव्हता. बक्षिसादाखल शंभर पौंडांच्या आसपास रक्कम हातावर ठेवण्यात आली. आमच्या येथेही साच्यात सुधारणा सुचविणाऱ्या जॉबरला दिवाळीला पेढ्यांचा पुडा मिळे.

डेलिया डर्बीशायर या बाईंची गोष्ट तर अधिक बोचणारी आहे. कव्हेन्ट्री गावची ही मुलगी केंब्रिजला गणित व संगीत शिकली आणि बीबीसीच्या ध्वनिशाळेत लागली. ‘डॉक्टर हू’चे शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांनी कागदावर उतरविले, ते ध्वनीत आणण्याचे काम तिच्याकडे आले. तेव्हा आजच्यासारखी वाद्ययंत्रे नव्हती. एकेक सूर वेगळा काढावयाचा, फितीचा वेग कमीजास्त करावयाचा, मग फीत पात्याने कापून इंचाइंचाने जोडावयाची. ते ऐकून ग्रेनर थक्क झाले. श्रेय व मोबदला यांत तिचाही वाटा असावा असे त्यांनी सुचविले. परंतु ध्वनिशाळेच्या कर्मचाऱ्यांची नावे द्यावयाची नाहीत असा नियम होता. ती २००१ साली वारली. पडद्यावर तिचे नाव आले २०१३ साली, मालिकेच्या पन्नाशीच्या खास भागात.

येथे आमच्याच घरातली एक गोष्टही सांगणे प्राप्त आहे. १९६७ ते १९७८ या काळात बीबीसीने या मालिकेच्या जुन्या फिती पुसून टाकल्या. फीत महाग होती, रंगीत चित्रे आल्यावर काळ्यापांढऱ्यांना गिऱ्हाईक उरले नव्हते, ही कारणे खरीच. पण आणखी एक कारण असे की, नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांत पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होती. जुनेच पुन्हा पुन्हा दाखवीत बसले तर नव्याला काम कोठून मिळणार, ही नटांची भीती रास्त होती. ज्या फिती दाखवावयाच्या नाहीत त्या ठेवाव्यात कशाला, असे मग व्यवस्थापनाने ठरविले. संघटनेने पुसा म्हटले नव्हते हे खरे. पण राखून ठेवा असेही एखाद्या कलमात लिहून घेतलेले नव्हते. आजही नव्वदहून अधिक भाग सापडत नाहीत. मात्र त्यांतील प्रत्येकाचा आवाज उरला आहे. तो कोणामुळे? तर घरी टीव्हीसमोर ध्वनिमुद्रणयंत्र धरून बसणाऱ्या पोरांमुळे! २०१३ साली नायजेरियातील जोस या गावी नऊ भागांच्या चित्रफिती मिळाल्याचे जाहीर झाले. पुराणवस्तूंच्या शोधात एवढी मौज आम्हांला क्वचित वाटली असेल.

अमेरिकेतल्या नटांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला: दाखवा, पण दर वेळी पैसे द्या. १९६० साली लेखक व नट या दोहोंच्या संघटना एकाच वेळी संपावर होत्या. नटांच्या संघटनेचे अध्यक्ष तेव्हा रोनाल्ड रीगन होते! पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९८१ साली त्यांनी संपावरील विमान-नियंत्रकांना सरसकट बडतर्फ केले, तो इतिहास वेगळा. टीव्हीच्या नटांना पहिल्या काही पुनःप्रक्षेपणांपुरताच मोबदला मिळे. जितक्या वेळा दाखवाल तितक्या वेळा पैसे, हे कलम १९७४ च्या करारात आले. ‘स्टार ट्रेक’ १९६९ सालीच संपलेली होती. ती खरी गाजली ती पुनःप्रक्षेपणात, देशोदेशी, वर्षानुवर्षे. आणि त्यातून तिच्या नटांच्या हाती काही आले नाही. आमच्या चाळीत रविवारी सकाळी जो आनंद झाला त्यातली दमडीही स्कॉटीला पोचली नसणार.

१९६० नंतर या दोन संघटना पुन्हा एकदम संपावर गेल्या त्या २०२३ साली. लेखकांचा संप २ मे पासून १४८ दिवस चालला, नटांचा १४ जुलैपासून ११८ दिवस. या वेळी मागण्यांत पुनःप्रक्षेपणाच्या जोडीला व्हिपलचे यंत्र प्रत्यक्ष येऊन बसले होते, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रूपाने. गर्दीच्या दृश्यातल्या नटाला एका दिवसाची मजुरी देऊन त्याची आकृती यंत्रात घ्यावयाची आणि पुढे कायम वापरावयाची, असा मालकांचा बेत असल्याचा आरोप नटांच्या संघटनेने केला. मालकांनी तो नाकारला. तडजोडीत जी कलमे आली ती आम्ही मुद्दाम बारकाईने वाचली. यंत्राला लेखक म्हणून श्रेय देता येणार नाही. लेखकावर यंत्र वापरण्याची सक्ती करता येणार नाही. यंत्राने लिहिलेला मजकूर लेखकाच्या हाती दिला तर तो तसा आहे हे सांगावे लागेल. नटाची आकृती घ्यावयाची तर त्याची संमती व मोबदला हवा. यंत्र आणूच नका, असे मात्र कोठे म्हटलेले नाही, आणि त्यावरून त्यांच्यांत पुष्कळ वादही झाला. दोन्ही करार २०२६ पर्यंतच्या मुदतीचे झाले.