सहा महिन्यांच्या मुक्कामाची कुळकथा

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेले आईवडील परत कधी येणार, असं विचारलं की बहुतेक वेळा ‘सहा महिन्यांनी’ हेच उत्तर येतं. पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांत हे इतकं अंगवळणी पडलंय, की ही मुदत आली कुठून हे कुणी विचारत नाही. तिचं मूळ एका कठोर कायद्यात आहे.

१९१७ साली अमेरिकेनं आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून येणाऱ्यांना बंदी घातली. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. मजुराला दार बंद झालं. पण विद्यार्थी, सरकारी अधिकारी आणि कुतूहलापोटी किंवा करमणुकीसाठी हिंडणारे प्रवासी यांना सूट मिळाली. राहायला येऊ नका, बघून जा, असा त्याचा अर्थ. १९२४च्या कायद्यानं या पाहुण्यांना स्थलांतरितांपासून वेगळं काढलं, आणि त्यांनी किती दिवस राहायचं हे कायद्यात न लिहिता नियमांवर सोपवलं. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. मुदत नियमात असल्यामुळे ती वाढवून देण्याची वाट राहिली. पण त्याचमुळे संसदेला न विचारता ती आखडती घेण्याचीही सोय झाली.

१९५२च्या कायद्यात पाहुण्यांचं कलम ‘बी’ अक्षराखाली आलं. त्यातून कामकाजासाठी बी-१ आणि सहलीसाठी बी-२. आपण परत जाणार आहोत हे पाहुण्यानं स्वतः पटवून द्यायचं, तोवर तो स्थायिक व्हायला आलाय असंच धरायचं, हेही त्याच कायद्यात आहे. मुलाखतीच्या खिडकीपाशी साठीतल्या माणसांना घर, पेन्शन, इकडे असलेला दुसरा मुलगा यांबद्दल बोलावं लागतं ते यामुळे.

१९६५ साली देशवार कोटा रद्द करणारा कायदा झाला. आपले डॉक्टर, इंजिनिअर तिकडे मोठ्या संख्येनं जाऊ लागले, आणि काही वर्षांत त्यांच्या पाठोपाठ त्यांचे आईवडील. या आईवडिलांसाठी निराळा वर्ग कुणी केलाच नव्हता. लेकीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू बांधून निघालेली आई कायद्याच्या लेखी करमणुकीसाठी आलेली प्रवासीच. तिला आधार मिळाला तो नियमातल्या एका तरतुदीचा: बी-२वर प्रवेश मिळालेल्या पाहुण्याला सर्वसाधारणपणे किमान सहा महिने द्यायचे, आणि पुढे लागलीच तर सहा-सहा महिन्यांपर्यंतच्या टप्प्यांनी वाढ द्यायची.

ही तरतूद २००२ साली जाता जाता राहिली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातले दोघे वैमानिक पाहुणे म्हणून आत आले होते आणि नंतर त्यांनी विद्यार्थी-दर्जा मागितला होता. तो मंजूर झाल्याची कागदपत्रं हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी, मार्च २००२मध्ये, फ्लोरिडातल्या उड्डाणशाळेत पोचली. देशभर संताप उसळला. एप्रिलमध्ये प्रस्ताव आला की किमान सहा महिन्यांची हमी काढावी, आणि येण्याचं कारण नीट स्पष्ट नसेल तर ३० दिवसच द्यावेत. तो नियम अखेर झाला नाही. झाला असता तर किती आज्या बाळाचं बारसं उरकून लगेच विमानात बसल्या असत्या!

वाढ मागायचा फॉर्म आय-५३९. तो मुदत संपण्याआधी भरायचा, शक्यतो दीडेक महिना आधी. कारण खरं आणि कागदांनिशी हवं: बाळंतपण लांबलं, शस्त्रक्रिया झाली. सोबत खर्चाची तजवीज आणि परतीचा इरादा दाखवायचा. निर्णयाला अनेकदा इतका वेळ लागतो की माणसं आधीच घरी पोचतात; म्हणून अर्जाची पावती सांभाळून ठेवावी.

सर्वांत जास्त घोटाळा दोन तारखांचा होतो. पासपोर्टातला व्हिसा दहा वर्षांचा असतो, त्यामुळे माणसं निर्धास्त राहतात. मुक्कामाची तारीख मात्र आय-९४ या नोंदीवर असते. पूर्वी ते पांढरं कार्ड पासपोर्टात टाचलेलं असायचं. २०१३पासून विमानतळांवर ते बंद होत गेलं आणि तारीख संकेतस्थळावर पाहावी लागते. तिच्याकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं. १९९६च्या कायद्यानुसार मुदतीपेक्षा जास्त राहिलं की तो व्हिसा रद्द होतो. १८० दिवसांहून अधिक राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं, वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं प्रवेश बंद. नातवाचं अख्खं बालपण त्यात निघून जाईल.

शेजारच्या कॅनडानं २०११च्या डिसेंबरमध्ये आईवडील आणि आजीआजोबा यांच्यासाठीच ‘सुपर व्हिसा’ काढला. त्यावर आधी एका खेपेला दोन वर्षं राहता यायचं, २०२२पासून पाच वर्षं राहता येतं आणि तिथूनच वाढही मागता येते. मुलाचं उत्पन्न ठरलेल्या पातळीचं हवं आणि आरोग्यविमा हवा, या अटी आहेत. पण तिथल्या कायद्यात आजी ही आजी म्हणून नोंदलेली आहे. अमेरिकेत ती अजूनही बी-२च आहे.