रक्तपिपाशाला बोरगावात रक्तच मिळालं नाही!



मागच्या महिन्यात नात सुट्टीला आली होती. इंदोरच्या इंग्रजी शाळेत शिकते. मोबाईलवर ड्रॅक्युलाचं कार्टून बघत होती. काळा झगा, उभी कॉलर, दोन लांब सुळे. मी सहज म्हटलं, "या बुवाला मी आपल्या बोरगावात पाहिलं आहे." तिला वाटलं आजोबा थापा मारतात. म्हणून ही गोष्ट लिहायला घेतली. सौंसर-पांढुर्ण्याकडच्या जुन्या मंडळींना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. दिवाळी झालेली, कापूस घरात यायला लागलेला, आणि मंडईच्या रात्री खडी गंमत ठेवलेली. आजच्या पोरांसाठी सांगतो. खडी गंमत म्हणजे आपल्या विदर्भाकडची तमाशाची बहीणच. शाहीर, ढोलकीवाला, बाईचं सोंग घेतलेला नाच्या, सगळे रात्रभर उभ्यानंच खेळ करणार, म्हणून ती 'खडी'. ना स्टेज, ना पडदा. चौकात दोन गॅसबत्त्या आणि भोवती गोल करून बसलेलं गाव.

त्या रात्री गण-गौळण झाल्यावर एक नवंच सोंग आलं. मंडळीतल्या कोणीतरी नागपूरला भुताचा सिनेमा पाहिला होता म्हणे. अंगावर काळी घोंगडी, तोंडात मुळ्याचे दोन सुळे, हनुवटीवर कुंकवाचं पाणी. आम्ही पोट्टे ओरडत आयांच्या पदरात शिरलो. भुतानं शेतकऱ्याचं काम करणाऱ्याची मान धरली आणि म्हणालं, "तुहं रगत पेतो!"

शेतकरी शांतपणे म्हणाला, "पे बाप्पा. पण थेंबभर निंगालं तर मलेही दाखव. पेरणीच्या टायमाले सावकारानं पेलं, कापूस मोजताना अडत्यानं पेलं. उरलंसुरलं ढेकणायनं."

भुतानं मान तपासली, मनगट तपासलं, अन् मटकन खाली बसून रडायलाच लागलं. शेवटी डोळे पुसत म्हणालं, "त्या सावकाराचा पत्ता दे. त्याच्याजवळ शिकून घेतो."

सारा चौक हसून लोळला. माझे आबाजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि मग बराच वेळ गप्प बसून राहिले. त्या वर्षी आमचं दोन एकर वावर गहाण होतं, हे मला फार नंतर कळलं.

पुढे नोकरीत असताना वाचनाचा नाद लागला, तेव्हा समजलं की आपल्या गावच्या त्या गमतीचे नातेवाईक फार दूरवर पसरलेले आहेत. पोलिडोरी नावाच्या इंग्रज डॉक्टरची 'द व्हॅम्पायर' ही कथा 1819 मध्ये छापली गेली. दुसऱ्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यावर गंभीर नाटक आलं, आणि त्याच वर्षी तिथल्या छोट्या थिएटरांनी त्या नाटकाची टिंगल करणारी विनोदी नाटकंही लावली. म्हणजे रक्तपिपासू रंगभूमीवर आला, आणि वर्ष संपायच्या आत लोक त्याला हसायला लागले.

1820 मध्येच लंडनला प्लांशे नावाच्या लेखकानं तेच नाटक इंग्रजीत केलं. या भुताच्या दंतकथा पूर्व युरोपातल्या, पण नाटक घडतं स्कॉटलंडमध्ये. कारण काय, तर मॅनेजरला स्कॉटिश संगीत हवं होतं आणि स्कॉटिश कपडे थिएटरात तयारच पडले होते! हे वाचलं तेव्हा मला आमची घोंगडी आठवली. लंडन असो की बोरगाव, पेटीत जे असेल त्यातूनच सोंग उभं राहतं. त्या नाटकात भूत एकदम गायब व्हावं म्हणून जमिनीत खास झडपेचं दार केलं होतं. आपल्याकडे गॅसबत्तीसमोर कोणी घोंगडी धरली की भूत गायब.

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' कादंबरी 1897 ची. स्टोकर स्वतः लंडनच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक होता. पुढे 1924 मध्ये इंग्लंडातल्या डर्बी गावी त्यावरचं नाटक लागलं. प्रेक्षक बेशुद्ध पडतील म्हणून थिएटरात नर्स ठेवण्याची जाहिरातबाजीही त्या नाटकवाल्यांनी केली. नातीच्या कार्टूनमधली ती उभी कॉलरसुद्धा कादंबरीतली नाही, नाटकातून आलेली आहे.

आणि सावकाराचा तो विनोद? अठराव्या शतकात फ्रान्सच्या व्होल्तेअरनं व्हॅम्पायरवर लिहिताना हाच टोला मारला होता. खरे रक्त पिणारे थडग्यात नसतात, ते शहरात राहून व्यापार-सट्टा करतात, अशा अर्थाचं. आमच्या शाहिरानं व्होल्तेअरचं नावही ऐकलेलं नसणार. त्याला अडत्या माहीत होता, तेवढं पुरेसं होतं.

आपली मराठी रंगभूमीही अशीच भुता-राक्षसांच्या संगतीत वाढली. 1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस 'अलल्‌ डुर्र' अशी आरोळी ठोकत, राळेच्या भडक्यात यायचे. लहान मुलं रडायची. पण त्याच नाटकात पोट धरून हसवायला विदूषकही असायचा. पुढे त्या नाटकांना थट्टेनं 'अललडुर्र' नाटकं असंच नाव पडलं.

वेताळाचंही बघा. रिचर्ड बर्टननं 1870 मध्ये आपल्या वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळाला त्यानं 'व्हॅम्पायर' म्हटलं. पण विक्रमाच्या खांद्यावरचा आपला वेताळ रक्त पीत नाही, तो कोडी घालून डोकं खातो! मराठीत नारायण धारपांनी 'लुचाई'मध्ये खराखुरा रक्तपिपासू आणला, तो वाचून अनेकांची झोप उडाली. रत्नाकर मतकरी तर अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथाही लिहायचे आणि मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या'ही. त्यातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली. 1993 च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचूही त्यांचाच. एकच माणूस घाबरवतोही आणि हसवतोही.

नागपूरची मारबत तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पोळ्याच्या पाडव्याला काळी-पिवळी मारबत निघते, आणि सोबतच्या बडग्यांवर पुढाऱ्यांपासून महागाईपर्यंत सगळ्यांची खिल्ली उडवलेली असते. गावाची इडापिडा बाहेर काढताना आधी तिच्यावर हसून घ्यायचं, ही आपल्या मुलखाची रीत.

आता मनातली गोष्ट सांगतो. 1956 पर्यंत नागपूर आपली राजधानी होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची नवी रचना झाली, विदर्भ तिकडे गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, याचा आनंदच आहे. पण आपल्या घरांत मुलांची शाळा हिंदीत, मग इंग्रजीत गेली. सरकारी कागद हिंदीत. मराठी राहिली चुलीजवळ, भजनात, आणि अशा गमतीत. मग गंमतही कमी कमी होत गेली. त्या शाहिरांचे सवाल-जवाब कोणी लिहून ठेवले नाहीत. आमच्या गावच्या त्या रात्रीचा एक फोटोसुद्धा माझ्याकडे नाही.

नातीला मी ही सगळी गंमत करून दाखवली. घोंगडीऐवजी शाल घेतली, सुळे मात्र मुळ्याचेच. भूत आलं तेव्हा ती दचकली. शेतकऱ्याचं वाक्य म्हटलं, आणि हसू यायची वाट बघत थांबलो. ती म्हणाली, "आजोबा, अडत्या म्हणजे?"

समजावून सांगितलं. अडत्या सांगितला, मोजमापातली काटछाट सांगितली, गहाण म्हणजे काय ते सांगितलं. सगळं ऐकून ती गंभीर झाली. म्हणाली, "मग तुमच्या आबाजींचं शेत सुटलं का?"

सुटलं, सात वर्षांनी. हे मी घरात कोणाला कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा मंडळी, एक विनंती. तुमच्या घरी ज्यांनी गंमत पाहिली किंवा केली असेल, त्यांच्याजवळ एक संध्याकाळ बसा. गाणं आठवत नसेल तर राहू द्या. कोणत्या वाक्याला गाव हसलं होतं आणि का हसलं होतं, तेवढं विचारा, आणि त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा.

जय महाराष्ट्र, जय मध्य प्रदेश, आणि आपल्या बोरगावला राम राम.